वाफेच्या बोळात

आमच्या टॉवेल कारखान्यात बॉयलरपासून रंगखात्यापर्यंत वाफेचा पाइप जातो तो वरच्या अंगाला, पत्र्यानं बंद केलेल्या एका लांब बोळातून. आत वाकूनच चालावं लागतं. पाइपचं तापमान कळवणारे आठ सेन्सर तिथं होते. त्यांचे सेल उष्णतेनं लवकर संपायचे आणि बदलायला दर वेळी मीच वर चढायची. नवरा बार्शीच्या कॉलेजात शिकवतो, म्हणून पुण्याची नोकरी सोडून मी सोलापुरात आले होते. माझ्या शिक्षणाला साजेसं दुसरं काम इथं मिळेना.

मग मी सेल न लागणारे सेन्सर मागवले. एक बाजू तापलेल्या पाइपला घट्ट बसवायची, दुसऱ्या बाजूच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या हवेत मोकळ्या. दोन्हींच्या तापमानात फरक असला की तेवढ्यावर थोडी वीज तयार होते आणि आकडा बिनतारी खाली बॉयलरजवळच्या पडद्यावर येतो. वाया जाणारी उष्णता कामाला लागली. मला वाटलं, सुटले.

पण टॉवेलच्या कारखान्यात हवेत कायम कापूस उडत असतो. तो पट्ट्यांवर बसला की त्या थंड होत नाहीत, फरक उरत नाही आणि सेन्सर गप्प होतो. म्हणजे सेल बदलण्याऐवजी कापूस झाडायला वर जाणं आलं. शिवाय त्यातलं दुसऱ्या कुणाला काही कळत नव्हतं. शेवटी कंटाळून मी राजीनामा दिला तेव्हा मॅनेजर म्हणाले, "मॅडम, तुम्ही गेलात तर हे बघणार कोण?" आणि अर्ज माझ्याच हातात परत ठेवला.

एप्रिलमध्ये एका दुपारी मी पार टोकाचा आठवा सेन्सर झाडत होते. बोळाचं उघडं दार बघून वॉचमनला वाटलं, कुणीतरी विसरलं. त्यानं बाहेरून कडी घातली. मी परत आले तर दार हलेना. हाक मारली, पाना घेऊन पत्रा बडवला. खाली टॉवेल वाळवायच्या मशिनी धडधडत होत्या. मोबाइल टेबलावर, पाण्याची बाटलीही तिथंच. दुसऱ्या टोकाला भिंत. घरी सातच्या आत कुणी वाट बघणार नव्हतं आणि मी वर गेल्याची नोंद कुठंच नव्हती.

ओढणी घामानं अंगाला चिकटली होती. श्वास घेतला की घशापर्यंत गरम लागायचं. मी खाली बसले. रडू आलं, ते भीतीचं होतं की रागाचं, सांगता येणार नाही.

इथून खाली पोचतात ते फक्त सेन्सरचे आकडे, हे थोड्या वेळानं सुचलं. हातमोजे घालून मी परत टोकाला गेले आणि आठवा सेन्सर पाइपवरून काढला. एक गप्प झाला तर कुणी येणार नव्हतं, त्याची सवय मीच लावलेली. म्हणून जरा थांबून सातवा काढला. मग सहावा, मग पाचवा. चौथ्याला पाना लावला आणि कडी वाजली.

दारात आमचे बॉयलर अटेंडंट होते. निवृत्तीला आलेले, घरी तेलुगू बोलणारे. या सेन्सरवर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. "आमी नुसत्या आवाजावरनं सांगतो की," म्हणायचे.

"एक बंद पडला तर मी बघत पन न्हाय, म्याडम," ते म्हणाले. "पन आठ, सात, सहा, पाच, असं वळीनं दाराकडं यायलेत. म्हटलं, वर कोनतरी चालायलंय."

"मीच असेन हे कसं कळलं?"

"दुसरं कोन जातंय हितं?"

मी जिन्यावर बसून तांब्याभर पाणी प्यायले. मग चारही सेन्सर बसवायला पुन्हा आत गेले. अटेंडंट दाराला पाय लावून उभे राहिले.

दाराची कडी मी दुसऱ्याच दिवशी काढून घेतली. आठवड्यानं अकलूजकडच्या एका साखर कारखान्याची माणसं हे सेन्सर बघायला आली. मॅनेजर त्यांना पडदा दाखवत म्हणाले, "आता वर माणसाला जावंच लागत नाही. काय मॅडम?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. अटेंडंटही होते, त्यांनी नजर खाली घातली.

"हो," मी म्हणाले. पाहुणे चहाला गेले आणि मी ब्रश घेऊन जिना चढले. तिसरा सेन्सर सकाळपासून गप्प होता.