टाळ्या

एरंडेल तेलाचा वास आला की मला तेल चोळलेला मल्लखांब आठवायला हवा, पण आठवतो तो काष्टीच्या बाजारातला विजेचा लोखंडी खांब. राज्यस्पर्धेतल्या सुवर्णपदकामुळे मला खेळाडूंच्या कोट्यातून वायरमनची नोकरी लागली होती आणि तो माझा पहिलाच आठवडा होता. लाइन बंद करून सोबतचे म्हातारे वायरमन शिडी आणायला गेले. खांबाशेजारीच तेलाचं दुकान होतं. तिथून एरंडेलाचा ओळखीचा वास आला आणि मला राहवेना. स्पर्धेत करायचे तसा खांबाला नमस्कार केला, पायांची अढी घातली आणि सरसर वर गेले. मिरच्या विकणाऱ्या बाईनं टाळी वाजवली, मग सगळा बाजारच वाजवू लागला, आणि मी सवयीनं दोन्ही हात सोडून पसरले. कमरेला सुरक्षेचा पट्टा नव्हता. शिडी घेऊन आलेले वायरमन मी उतरेपर्यंत शिडी खांबाला लावून धरून उभे होते. मग त्यांनी स्वतःचा पट्टा सोडून माझ्या कमरेला आवळला. "पोरी, हितं टाळ्या पडल्या की समजायचं, आपलं कायतरी चुकलं." परवा त्याच खांबावर मी पाऊण तास होते. मिरचीवालीनं मानसुद्धा वर केली नाही.