भाभींचा साबण वाळतोय

फोन आला तेव्हा मी सांगलीच्या एका प्रदर्शनात माझ्या स्टॉलवर उभी होते आणि समोरच्या बाईंना पन्नास साबणांचा भाव पटवत होते. लग्नाच्या मानपानात द्यायला त्यांना ते हवे होते. नंबर ओळखीचा नव्हता, मी फोन कापला. परत आला, परत कापला. सौदा हातातोंडाशी आलेला असताना फोन उचलायचा नाही, हे मी माझं मलाच शिकवलेलं. बाईंनी पर्स उघडली, मी साबण खोक्यात भरले, चिकटपट्टी लावली आणि मग त्या नंबरवर उलटा फोन केला. "काकी, मी इरफान, शमीमफुफीचा भाचा. फुफी पहाटे गेली. दुपारच्या नमाजनंतर नेणार हाय, येताय न्हवं?" मी स्टॉल तसाच शेजारणीवर टाकून निघाले. कोल्हापुरात सदर बाजारच्या त्या गल्लीत पोचले तेव्हा पुरुष माणसं मयत घेऊन गेली होती. आत बायका सतरंजीवर बसल्या होत्या. कुणीतरी मला पाणी दिलं. कब्रस्तानात बायकांनी जायचं नसतं, म्हणजे तोंड बघायचं राहिलं ते कायमचंच. दोनदा कापलेला तो फोन पहिल्या वेळी उचलला असता, तर पोचले असते… हा हिशेब मी रोज करते आणि तो रोज तसाच येतो.

खरं तर दोन वर्षं शमीमभाभी आणि मी एकमेकींशी बोलत नव्हतो. तिथं जमलेल्या बायकांना ते माहीत होतं. तरी त्यांनी मला जागा करून दिली.

शमीमभाभी एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. तिथून निवृत्त झाल्या, नवरा आधीच गेलेला, मूलबाळ नाही, दोन खोल्यांचं भाड्याचं घर. मी दोन गल्ल्या सोडून राहते. माझं माहेर बिद्रीजवळचं, सासर इथलं. माझ्या नवऱ्याची शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीतली नोकरी गेली तेव्हा मी धंदा बंद पडलेल्या एका माणसाकडून मेणबत्त्यांचे जुने साचे घेतले, त्यानं सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यात. साचे स्वस्तात मिळाले पण मेणबत्त्या काही होईनात. प्रत्येकीला मधोमध खड्डा. गल्लीतल्या कुणीतरी सांगितलं, त्या लॅबवाल्या भाभींना विचार. मी एक खड्डेवाली मेणबत्ती पिशवीत घालून गेले. भाभींनी ती चष्मा वर करून बघितली आणि म्हणाल्या, "अगं, मेण गार होताना आत वढतं की. दोनदा वतायचं. खड्डा पडला की परत थोडं वतायचं." एवढंच. मी विचारलं, सांगायचे काय घ्याल? त्या हसल्या. "चहा पिऊन जा, म्हंजे फिटलं."

फुकट मिळालेल्या गोष्टीवर माझा विश्वास नसतो. म्हणून मी दुसऱ्या दिवशी परत गेले, आणि मग जातच राहिले. मेणबत्तीवरून आम्ही साबणावर आलो, कारण दिवाळी सोडली तर मेणबत्ती कोण घेतं? साबण रोज लागतो. साबण करणं भाभींच्या अंगवळणी पडलेलं होतं. कॉस्टिक सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात कधीच नाही. तेलं तोलून घ्यायची, मापानं नाही. हातमोजे, चष्मा, लॅबचा जुना निळा ॲप्रन. मला अंदाजानं काम करायची सवय. त्या माझ्या हातातून चमचा काढून घ्यायच्या आणि काट्याकडे बोट दाखवायच्या. म्हशीच्या दुधाचा साबण ही त्यांची कल्पना. कोल्हापुरात दूध काय, कट्ट्यावर म्हैस उभी करून समोर धार काढून मिळतं, पण सोडा पडला की ते गरम होऊन करपतं, भगवं होतं, घाण वास मारतं. भाभींनी दूध फ्रीजमध्ये बर्फाच्या ट्रेत गोठवलं आणि त्या खड्यांवर सोडा चिमटीचिमटीनं टाकला. साबण पांढराशुभ्र झाला. विकायचं काम माझं होतं. आणि विकण्यात मी कुणाला ऐकत नाही, हे मी अभिमानानं सांगते.

गुळाचा साबण मात्र माझी कल्पना. कोल्हापूर म्हटलं की गूळ, बाहेरचा माणूस नावावरच घेईल. मी माहेराहून ढेप आणली. भाभींनी तोलून दोन चमचे पाणी केलेला गूळ काढून ठेवला. मला वाटलं, एवढ्याशा गुळाला गुळाचा साबण म्हणायचं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं. त्या नमाजला आत गेल्या आणि मी मूठभर गूळ विरघळवून आणखी घातला. वरून साचा गोधडीत गुंडाळला, साबण लवकर जमावा म्हणून. तासाभरात गोधडी हलायला लागली. साबण उतू गेलेल्या दुधासारखा साच्याबाहेर आला, फळीवरून फरशीवर, फरशीवरून भाभींच्या चपलांवर. साखर साबणाला तापवते, हे त्यांना माहीत होतं, मला नव्हतं. मी हातमोजे चढवून पुसत होते आणि शिव्या देत होते. भाभी दाराला टेकून पोट धरून हसत होत्या. "सुनंदा, ह्यो साबण तुझ्यावर गेलाय बघ. घडीभर बी गोधडीत राहवंना!"

तशी सहा वर्षं गेली. चांगली गेली. मग रिसॉर्टचं प्रकरण झालं.

राधानगरी रस्त्याला एक नवं रिसॉर्ट होत होतं. त्यांना खोल्यांत ठेवायला दुधाचे चारशे छोटे साबण हवे होते, उद्‌घाटनाच्या आधी. मी हो म्हणाले. भाभींचा नियम होता, साबण पाच आठवडे वाळल्याशिवाय घराबाहेर जाणार नाही. फळ्यांवर ओळीनं मांडायचा, रोज उलटायचा, पाणी उडू द्यायचं, तेव्हा तो कठीण होतो आणि अंगाला मऊ लागतो. मला तारीख माहीत होती, साबण कधी ओतला तेही माहीत होतं. अकरा दिवस झालेले. पण अकरा दिवसांचा साबण दिसायला तसाच असतो, आणि मी शब्द दिला होता. मला बाप नव्हता, जमीन नव्हती, शिक्षण सातवी. बाजारात माझ्याकडे होतं ते एवढंच, की सुनंदानं हो म्हटलं म्हणजे माल मिळतो.

रिसॉर्टचा माणूस गाडी घेऊन भाभींच्या दारात आला. मी खोकी पुढे केली. भाभी आतून आल्या, एक साबण उचलला, त्यात अंगठ्याचं नख दाबलं. नख आत गेलं. त्या त्याला म्हणाल्या, "पावणं, ह्यो साबण अजून कच्चा हाय. महिन्यानं या." माझ्यासमोर. माझ्या गिऱ्हाइकाला. तो माझ्याकडे बघायला लागला. मी काहीतरी बोलून सावरायला गेले, पण तो दुसरीकडून घेतो म्हणून निघून गेला. आजही सांगते, भाभींनी मला आत बोलावून सांगायला हवं होतं. आत सांगितलं असतं तर मी भांडले असते आणि ऐकलं असतं. चारचौघांत माझा शब्द मोडायचा त्यांना काहीच हक्क नव्हता. हे माझं म्हणणं तेव्हा होतं आणि आता त्या नाहीत तरीही आहे.

पण माझं दुसरंही सांगायला हवं. गाडी वळायच्या आत मी ओरडले, गल्लीला ऐकू जाईल असं, "आयुष्यभर लॅबात पोरांच्या बाटल्या धुतल्यात तुम्ही! धंदा काय कळणार तुम्हाला?" भाभींनी हातातला साबण खोक्यात ठेवला. मग म्हणाल्या, "झालं बोलून?" आणि खोकी एकेक करून परत आत नेली. मी मदतीला हात लावला नाही.

त्यानंतर मी बाजारात तयार मिळणारा साबणाचा ठोकळा आणायला लागले. वितळवायचा, रंग-वास घालायचा, ओतायचा, दुसऱ्या दिवशी विकायचा. खप भाभींच्या वेळेपेक्षा जास्त झाला. हे मुद्दाम सांगते, कारण त्यांच्या कानावर जावं म्हणून मी तेव्हाही गल्लीत मुद्दाम सांगत होते. आणि वाट बघत होते. घासाघिशीत एक नियम असतो, जो आधी तोंड उघडतो तो खाली येतो. गप्प बसायचं, समोरच्याला बोलू द्यायचं. मला वाटायचं, भाभींनी आधी म्हणावं, सुनंदा, गिऱ्हाइकासमोर बोलायला नको होतं. मग मी बाटल्यांचं बोलणं मागं घेईन. एक पाऊल त्यांचं, एक माझं. पण पहिलं त्यांचं.

एकदा लक्ष्मीपुरीत भाजीबाजारात त्या दिसल्या. लिंबं घेत होत्या. लिंबंवालीनं जो भाव सांगितला तो ऐकून माझंच डोकं तापलं. भाभींनी मला पाहिलं होतं, नक्की पाहिलं होतं. "बरोबर हाय की भाव," त्या मोठ्यानं म्हणाल्या आणि सांगितले तेवढे पैसे दिले. माझं तोंड उघडलं होतं. अहो भाभी, लुटतीया ती तुम्हाला, एवढं ओठांपर्यंत आलं होतं. मी ते गिळलं आणि कोथिंबिरीकडे वळले. तेव्हा वाटलं, मला जाळायला मुद्दाम केलं. आता वाटतं, मला बोलायला लावायलाच केलं असेल… त्यांना माहीत होतं, जास्तीचा भाव बघून मी गप्प बसूच शकत नाही. आणि मी नेमकी त्या दिवशी गप्प बसले.

त्या गेल्यानंतर आठवड्यानं इरफानचा परत फोन आला. या वेळी मी पहिल्या घंटेला उचलला. घरमालकाला खोल्या परत द्यायच्या होत्या, भांडीकुंडी निघाली होती, फक्त फळ्यांवर साबण पडून होता, त्याचं काय करू? मी गेले. दुधाचे साठेक साबण. शेजारी चिठ्ठीवर त्यांच्या लॅबच्या अक्षरात तारीख. जायच्या दोन दिवस आधी ओतलेले. "काकी, न्या तुम्ही, न्हायतर मी वाटून टाकतो," इरफान म्हणाला. मी म्हटलं, हलवायचे नाहीत, इथंच वाळू देत. मला आठ आठवडे दे.

इरफान हसला. "फुफी सांगायची, सुनंदाकाकी मागतील त्याच्या निम्मं खरं धरायचं. चार आठवड्यांचं भाडं मी देतो मालकाला, चालंल?"

लागत होते चारच. मी म्हणाले, चालेल. मग विचारलं, "आणखी काय म्हणायच्या रे माझ्याबद्दल?"

"आणखी काय न्हाय."

"आठव की. दोन वर्षांत एवढंच बोलल्या?"

"काकी, खरंच न्हाय. मी रविवारी तेवढा यायचो. डबा द्यायचा, गोळ्या आणून द्यायच्या, निघायचं."

मी वेगवेगळ्या बाजूंनी विचारलं. भांडणाचं काही, रिसॉर्टचं, बाटल्यांचं. एखाद्या मालासाठी मी कधी एवढी मागे लागले नसेन. पोरगा भला, शेवटी घाम पुसायला लागला. पण एक शब्द जास्तीचा निघाला नाही, कारण त्याच्याकडे तो नव्हता.

आता किल्ली माझ्याकडे आहे. दुपारी चारच्या सुमारास जाते. खोली रिकामी आहे, भिंतीवर कपाटाच्या मापाचा एक उजळ चौकोन राहिलाय. खिडकी उघडते, साबण एकेक करून उलटते. त्यांना भराभर उलटलेलं चालायचं नाही, कडा मोडतात म्हणून, तेव्हा सावकाश उलटते. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. ते झालं की तिथं थांबायचं काही कारण नसतं. साबणाला वाळायला माणूस लागत नाही. तरी मी भिंतीला टेकून तासभर बसते.

परवा बसले होते आणि बोलले. मोठ्यानं. "भाभी, बाटल्यांचं बोलले ते चुकलं माझं." तुमचंही चुकलं, असं पुढं जोडणार होते, पण नाही जोडलं. आणि मग गप्प बसले, जशी आपला भाव सांगून झाल्यावर बसते, समोरच्यानं काहीतरी म्हणेपर्यंत. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. मी बराच वेळ तशीच थांबले.