मास्क चुकलाय

कॅमेरा दुरुस्त करणारा तो भाऊ एकदाच आला, नाव विचारायचंही मला सुचलं नाही. गुजरातेत, बमरोलीत आमची खोली वर, खाली शेठचा साड्यांना टिकल्या लावायचा कारखाना. माझी तान्ही सोनी वर झोळीत झोपायची, मी खाली काम करता करता खोलीतल्या कॅमेऱ्यातून मोबाईलमध्ये तिला बघायची. त्या दिवशी मोबाईल नुसता काळा, माझा जीवच उडाला, सारखी जिना चढतेय, सारखी उतरतेय.

तो आला, हेल्मेट काढलंच नाही. एका हातानं बटणं दाबायचा, दुसऱ्या हातानं झोळीची दोरी ओढायचा.

"बेन, पत्ता बरोबर आहे. मास्क चुकलाय."

"मास्क? तोंडाचा? भाऊ, सोनीला काही झालं का?"

तो इतका हसला की हेल्मेट डोळ्यांवर आलं. "अहो, कॅमेऱ्याला नंबर असतो, आयपी. सुरुवातीचे आकडे म्हणजे गल्ली, शेवटचा म्हणजे खोली. गल्ली कुठपर्यंत, ते मास्क सांगतो. तो चुकला, म्हणून कॅमेऱ्याला तुमचा मोबाईल परक्या गल्लीतला वाटतोय."

त्यानं आकडे बदलले आणि सोनी दिसली. मी रडलेच.

"शेजारच्या मासी नाही बघत पोरीला?" त्यानं विचारलं.

"त्या गुजराती, आपल्यातल्या नाहीत," मी हळूच बोलले.

"मग बेन, तुमचाही मास्क चुकलाय."

आता सोनी शाळेतून आली की आधी मासीकडे शिरते, खमण मागते. कॅमेरा बंदच आहे, हे म्हणतात काढून टाक. मी नाही काढत. तिकडे बघितलं की झोळीची दोरी ओढणारा तो हात आठवतो.