उरला रोड, साइडकार आणि एकशेचाळीस नंबरचं तेल

छत्तीसगड राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा माझं पोस्टिंग रायपूरला आलं. मी कॅप्टन होते. फौजेच्या मेकॅनिकल शाखेत, शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर. हाताखाली एक छोटं रिपेअर डिटॅचमेंट. दोन शेड, एक रॅम्प, मोजकी माणसं. शहरात रस्ते खोदलेले होते आणि जुन्या कचेऱ्यांवर नव्या राजधानीचे बोर्ड चढत होते.

सकाळी पीटी, मग फॉल-इन, मग गाड्या. उन्हाळ्यात दुपारी रॅम्पचं लोखंड हाताला चटका द्यायचं. एरवी दिवस शांत.

आमच्या चार्जवर एक जुनी साइडकार मोटारसायकल होती. परेडला झेंडा घेऊन पुढे चालायची, बाकी वर्षभर ताडपत्रीखाली. तिला चेन नव्हती. इंजिनची ताकद गियरबॉक्समधून शाफ्टने मागे जायची आणि मागच्या चाकाजवळच्या फायनल ड्राइव्हमध्ये वळून चाकाला मिळायची. त्यामुळे इंजिनचं तेल वेगळं, गियरबॉक्सचं वेगळं, फायनल ड्राइव्हचं वेगळं. ती चालवायचा लान्स नायक भुनेश्वर साहू. धमतरीकडचा. बोलायचा कमी. कुठल्याही ऑर्डरवर त्याचं एकच उत्तर: "हव, मॅडम."

परेड जवळ आली म्हणून मी ती उघडायला लावली. गियरबॉक्सचं तेल निघालं ते सोनेरी चकाकत. ती चकाकी तेलाची नव्हती, आतल्या बुशांच्या, म्हणजे शाफ्टभोवतीच्या ब्राँझच्या कड्यांच्या, झिजून उतरलेल्या भुकटीची होती.

"गियरबॉक्स आणि फायनल ड्राइव्ह, दोन्हीकडे कोणतं तेल टाकता?" मी हवालदार राऊतांना विचारलं. पुंडलिक राऊत वर्ध्याकडचे, माझ्याहून वयाने मोठे, हाताला पक्के.

"एकच, मॅडम. जीएल-फाइव्ह. सगळ्यात भारी तेच आहे. काहून, काही चुकलं काय?"

"फायनल ड्राइव्हला बरोबर आहे. गियरबॉक्सला नाही."

फायनल ड्राइव्हमध्ये ताकद काटकोनात वळते. तिथले दात नुसते फिरत नाहीत, एकमेकांना दाबत घासत सरकतात. तो दाब झेलायला जीएल-फाइव्हच लागतं. पण त्यातला दाब झेलणारा मसाला गंधकाचा असतो. गरम झाला की तो ब्राँझ खातो. म्हणून या गियरबॉक्सला एक पायरी खालचं, कमी मसाल्याचं जीएल-फोर. जास्त भारी तेल म्हणजे जास्त चांगलं, असं नसतं. आज इथे रायपुरात चौबे कॉलोनीतले शेजारी गाडी घेऊन माझ्या फाटकाशी येतात, त्यांनाही मी हेच सांगते. आधी गाडीत काय धातू आहे ते विचारा, मग डबा उघडा.

राऊतांनी ऐकून घेतलं. "म्हणजे आता दोन डबे सांभाळा लागन."

"सांभाळायचे."

गाडी बांधून झाली. त्याच आठवड्यात शहराबाहेरच्या उरला या कारखान्यांच्या भागात रेल्वे सायडिंगवर आमचा माल उतरवायचा होता. राऊत पार्टी घेऊन ट्रकने पुढे गेले. मी आणि साहू रोड टेस्ट म्हणून साइडकारवर निघालो. गाडी मस्त चालली. गियर लोण्यासारखे पडत होते.

दुपारी दोनच्या सुमारास इंजिनची एक पेटी चेन-पुलीवर होती. स्लिंग सरकली. पेटी तिरपी होऊन खाली आली आणि सिपाही महेश तिच्याखाली सापडला. पेटी उचलली तेव्हा उजव्या मांडीतून रक्ताची धार लागली होती. राऊतांनी स्वतःचा पट्टा काढून मांडीच्या वर आवळला.

मी वॉकी-टॉकी उचलला. "कंट्रोल, अल्फा वन. कॅज्युअल्टी वन. मांडी, जोराचा रक्तस्राव. ॲम्ब्युलन्स पाठवा. ओव्हर."

थोड्या वेळाने उत्तर आलं. "अल्फा वन, ॲम्ब्युलन्स उरला रोडवर अडकली. ट्रक उलटलाय. पुढे नाही, मागे नाही. ओव्हर."

आमचा ट्रकही त्या रस्त्याने जाऊ शकत नव्हता. मी साहूकडे पाहिलं.

"कच्चा रास्ता?"

"हव, मॅडम. स्लॅग के ढेर के पीछे से. तीन चक्का निकल जाएगा."

महेशला साइडकारमध्ये बसवलं. मी साहूच्या मागे बसून एका हाताने महेशच्या मांडीवरचा पट्टा धरला. राऊत म्हणाले, "जा मॅडम. इकडचं मी पाहतो. मोठ्या दवाखान्याले मी कंट्रोलकडून कळवतो."

रोलिंग मिलच्या मागून, राखेच्या आणि स्लॅगच्या, म्हणजे भट्टीतून निघालेल्या मळीच्या ढिगांमधून साहूने गाडी काढली. उलटलेला ट्रक मागे पडला. पुन्हा डांबरी रस्ता लागणार तेवढ्यात खालून दगडाचा जोरात ठोका बसला. पुढे थोडं गेलो आणि मागून बारीक शीळ ऐकू आली. गंधकाचा जळका वास आला. माझ्या उजव्या बुटावर तेल उडालं होतं.

"साहू, स्टॉप."

फायनल ड्राइव्हचा ड्रेन प्लग दगडाने सैल झाला होता आणि त्याखालचा वॉशर फुटला होता. तेल जवळजवळ सगळं गेलं होतं. केसिंगला हात लावला तर टेकवला जात नव्हता. महेशचे ओठ पांढरे पडले होते.

साहूने टूलबॉक्समधून डबा काढला. "इंजन ऑइल है, मॅडम. डाल दूँ?"

इंजिन ऑइलवर कदाचित गाडी पोचलीही असती. पण तीन माणसांचा भार, रायपूरचं ऊन आणि आधीच तापलेले दात. दात एकमेकांत चिकटले असते तर मागचं चाक जागीच जाम झालं असतं. कदाचितच्या भरवशावर मी जखमी माणूस पुढे नेत नाही.

"नहीं. रुको."

बाजूला शहराकडून आलेले ट्रक जाममध्ये रांगेत अडकले होते. पहिल्याच ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून आमच्याकडे पाहत होता. मी विचारलं, "भैया, पिछले एक्सल का तेल है?"

"है दीदी, लेकिन एक सौ चालीस नंबर है. गाढ़ा है."

"डिब्बा दिखाओ."

डब्यावर वाचलं. एकशेचाळीस, जीएल-फाइव्ह. आमच्या गाडीला नव्वद नंबर लागायचं. पण नंबर म्हणजे फक्त जाडी. थंडीत हे तेल जड गेलं असतं, या उन्हात चालणार होतं. दाताला लागणारा मसाला त्यात होता, आणि फायनल ड्राइव्हमध्ये ब्राँझ नव्हतं.

"यही चलेगा. ताँबे का वॉशर है?"

ड्रायव्हरने सीटखालचा डबा उपडा केला. बसणारा वॉशर मिळाला. मी एका हाताने पट्टा धरून होते. साहूने प्लग कसला. ड्रायव्हरने वर्तमानपत्राची पुंगळी करून तेल ओतलं. चहाचे दोन कप भरतील एवढंच ते लागतं. महेशने डोळे मिटले.

"महेश. आँखें खोलो."

"जी, मॅडम."

"गाँव का नाम बताओ."

त्याने सांगितलं. गाडी निघाली. वाटेत मी त्याला शाळेचं विचारलं, भावांचं विचारलं. दवाखाना येईपर्यंत मी त्याला गप्प बसू दिलं नाही. शीळ थांबली होती. साहूने एकदाही विनाकारण वेग वाढवला नाही आणि एकदाही कमी केला नाही. दारात स्ट्रेचर तयार होतं.

महेशचा पाय वाचला. पुढे तो थोडा लंगडायचा, पण नोकरी पूर्ण करून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी राऊतांनी स्वतः फायनल ड्राइव्ह उतरवला. ड्रेन प्लगच्या चुंबकावर लोखंडाच्या भुकटीची करडी पेस्ट होती, दाताचा एकही तुकडा नव्हता. दात शाबूत. त्यांनी एकेक दात बोटाने तपासला. "इंजिन ऑइल टाकलं असतं तं?"

"माहीत नाही, राऊत."

"मले तर पाहाचंही नाही," ते म्हणाले, आणि नव्वद नंबरचं तेल भरायला घेतलं.

साहू नंतर उत्तरेकडे गेला. सरहद्दीवरच्या एका पोस्टला रसद पोचवताना गोळाबारीत तो शहीद झाला. मला कळलं तेव्हा माझी सर्व्हिस संपली होती आणि मी रायपुरात मावशीजवळ राहत होते. मी त्याच्या गावी गेले. अंगणात वडील बसले होते. साहूने घरी उरला रोडचं काहीच सांगितलेलं नव्हतं. मी सांगितलं. महेशचं, दगडाचं, तेलाचं, सगळं. ते मान खाली घालून ऐकत होते.

मी थांबले तेव्हा ते उठले. फाटकाशी जाऊन त्यांनी सगळ्या पाऱ्याला, म्हणजे वस्तीला हाक दिली. बायका आल्या, म्हातारे आले, अंगण भरलं. मग ते माझ्याकडे वळले.

"सुरू ले बतावव, मॅडम. सब्बो झन सुनहीं."

मी उभी राहिले, सावधान झाले आणि सगळ्यांना पहिल्यापासून सांगायला लागले. "लान्स नायक भुनेश्वर साहू..."