बोगद्यापाशी थांबलेली बस

नाशिकहून सकाळची एसटी सुटली तेव्हा अंगात स्वेटर होता. चांदवडचा घाट उतरून मालेगाव मागे पडलं आणि स्वेटर मांडीवर आला. आमच्या साताऱ्याकडे खानदेश म्हटलं की माणसं आधी कपाळावरचा घाम पुसतात, पण पौषातला खानदेश फार गोड असतो. उन्हाला धार नसते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस फुटलेला असतो, आणि खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याला कुठूनतरी भाजल्या वांग्याचा वास असतो.

शेजारी दोंडाईच्याचे एक आबा होते. धुळ्याला गाडी बदलून पुढे जाणार होते. कंडक्टरने मला बायकांचं अर्धं तिकीट दिलं, तेव्हा त्यांनी ते वाकून पाहिलं.

"कथा जाई राह्यनात अक्का?" (कुठे निघालात?)

"जळगावला. मैत्रिणीकडे."

"अर्धं तिकीट तुमनं. मंग बाकीनं अर्धं कोन भरस?"

"सरकार भरतं, आबा."

"सरकार काय घरनं पीठ आनस का?" ते हसले. "बठ्ठा (सगळा) पैसा आपलाच शे. या खिसामाईन त्या खिसामा." आणि पिशवीतल्या शेंगा माझ्या ओंजळीत ओतून ते निवांत झोपी गेले. मला मात्र तो प्रश्न चावत राहिला, कारण मी ज्या कामासाठी निघाले होते ते नेमकं हेच होतं.

धुळ्यात पुढच्या गाडीला अवकाश होता, म्हणून स्टँडसमोरच्या खानावळीत शेवभाजी मागवली. वाटीभर लाल तर्री आणि तिच्यात बुडालेली जाड शेव. कोल्हापूरचा रस्सा पचवलेली बाई म्हणून मी पहिलाच घास मोठा घेतला आणि उचकी लागली. गल्ल्यावरच्या काकू पाण्याऐवजी गुळाचा खडा घेऊन आल्या. "पाणी पिऊ नका, आणखी चढेल," म्हणाल्या. दुसऱ्या वाटीपर्यंत आमची चांगली ओळख झाली होती.

पारोळा, एरंडोल, मग गिरणेचा लांब पूल, आणि जळगाव. स्टँडवर प्रमिला स्कूटर घेऊन उभी होती. प्रमिला चौधरी माझी टेलिफोन खात्यातली मैत्रीण. आम्ही दोघी नाशिकला एकाच खोलीत राहून काम शिकलो, मग मी साताऱ्याला गेले आणि ती आपल्या गावी. निवृत्तीनंतर मी बागेत रमले, आणि हिने शहरबस डोक्यात घेतली.

"उद्या रविवार," माझी बॅग पायांत कोंबत ती म्हणाली. "उद्या आमची बस धावणार. एक दिवस, फुकट. तू बसायचंस आणि गप्प राहायचंस. बाहेरच्या माणसाने मत दिलं की आमचे लोक त्याच्यावरच घसरतात."

रात्री कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आणि ठेचा खाताना तिने सगळं सांगितलं. वसाहतींमधल्या काही जणांनी मिळून एक नागरिक मंडळ काढलं होतं. शहरात बस हवी यावर सगळ्यांचं एकमत होतं, पण बसचा खर्च नुसत्या तिकिटातून निघत नाही, वरचा कोणाला तरी भरावा लागतो. कोणी, यावर दोन वर्षं बैठका होत होत्या. प्रमिलाचं म्हणणं होतं की घरपट्टीबरोबर प्रत्येकाने थोडं द्यावं. व्यापारी म्हणत, आम्ही आधीच पुष्कळ देतो. रिक्षावाले म्हणत, आमच्या पोटावर पाय कशाला? शेवटी तिनेच तोडगा काढला होता. लग्नाच्या वऱ्हाडाला देतात तशी एक खासगी बस दिवसभरासाठी घ्यायची, सगळ्यांना तिच्यात बसवायचं, गावभर फिरवायचं आणि संध्याकाळच्या आत महापालिकेला द्यायच्या प्रस्तावावर सह्या घ्यायच्या.

"आणि नाही झाल्या तर?"

"तर सोडून देणार. खरंच सांगते, थकले मी." तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि बराच वेळ हातातच ठेवला.

सकाळी रेल्वे स्टेशनसमोर बस उभी होती. टपावर सामानाचं कॅरिअर आणि पुढच्या काचेवर लग्नाच्या झेंडूची सुकलेली माळ. ती काढायचं कोणालाच सुचलं नव्हतं. हौशे, नवशे, कॉलेजच्या मुली, पिशव्या घेतलेली म्हातारी माणसं, असे बघता बघता सगळे चढले. माझ्या पुढच्या बाकावर कापडाचे व्यापारी पारसभाऊ बसले. त्यांचे आजोबा राजस्थानातून इथे आले. आता बाजारात त्यांचं दुमजली दुकान आहे. त्यांच्या शेजारी, जागाच नव्हती म्हणून, भिकनभाऊ. ते रिक्षावाल्यांच्या वतीने विरोध करायला आले होते आणि तसं त्यांनी चढतानाच सांगितलं.

बाजाराच्या रस्त्याला लागलो आणि बस मुंगीसारखी सरकू लागली. दोन्ही बाजूंना तिरप्या उभ्या केलेल्या दुचाकी, त्यांच्यामागे चारचाकी. प्रमिला उभी राहून बोलू लागली.

"पारसभाऊ, बस आली तर गिऱ्हाईक कोणाच्या दारात उतरणार? तुमच्या. मग दुकानांनी थोडं दिलं तर काय बिघडलं?"

"ताई, गिऱ्हाईक उतरेल तेव्हा उतरेल. वसुली मात्र पहिल्या दिवसापासून," पारसभाऊ शांतपणे म्हणाले. "आणि एकदा बसलेला कर उठलेला मी पाहिला नाही."

"अन् आम्ही?" भिकनभाऊ मागे वळले. "दुकानदारना धंदा वाढी, तुमनी बस चाली. मी रिक्षाना हप्ता काय बसना पाठीमांगे पळीसन भरू?"

मागून एक मुलगी म्हणाली, "काका, तुमच्या रिक्षात आम्ही सहा जणी बसतो. सातवी मांडीवर." सगळी बस हसली. भिकनभाऊही हसले, पण मान हलायची थांबली नाही.

कॉलेज झालं, औद्योगिक वसाहत झाली. डाळमिलचा सुका, पिठूळ वास बसमध्ये शिरला. दर थांब्याला कोणी चढे, कोणी उतरे, आणि चढणारा माणूस वादाचं टोक जिथे सापडेल तिथून धरे. एका गृहस्थांनी पेट्रोलवर कर बसवा असं सुचवलं आणि पुढच्याच थांब्यावर उतरून आपल्या मोटारसायकलवर बसून गेले. मला बोलायची मनाई होती, म्हणून मी पेरू खात होते. खरं सांगायचं तर इतका चांगला प्रवास मी बऱ्याच वर्षांत केला नव्हता. गाव पाहायला मिळत होतं आणि त्याचं भांडणही ऐकायला मिळत होतं.

शेवटचा थांबा रुळांपलीकडच्या वसाहतीत होता. तिथे जायला रेल्वेखालून एक ठेंगणा बोगदा आहे. बस त्याच्या तोंडाशी आली, ड्रायव्हरने मान बाहेर काढून वर पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

"नाही जाणार. टप अडकेल."

प्रमिला खाली उतरली. बोगद्याकडे पाहिलं, बसकडे पाहिलं, पुन्हा बोगद्याकडे पाहिलं. "मी रोज इथून जाते," ती म्हणाली. मग हळू आवाजात, मलाच, "स्कूटरवरून."

बोगद्याच्या पलीकडच्या उजेडात बायका उभ्या होत्या. बस येणार म्हणून त्यांनी रस्त्यावर सडा घातला होता, रांगोळी काढली होती. त्यांना इकडची बस दिसत होती आणि ती हलत नाही हेही दिसत होतं.

"झालं," पारसभाऊ म्हणाले. टोमणा नव्हता तो, त्यांनाही वाईट वाटलं होतं.

प्रमिलाने पदर खोचला. "चला, चालत जाऊ."

आम्ही तीसेक माणसं बोगद्यात शिरलो. वरून पाणी ठिबकत होतं, पायाखाली चिखल होता. मध्यावर असतानाच डोक्यावरून मालगाडी गेली. तिचा आवाज कानांत नाही, दातांत ऐकू येत होता. पारसभाऊंच्या पांढऱ्या धोतराचे काठ भिजले. आम्ही पलीकडे निघालो. मग त्या बायकांमधली एक पुढे आली. लताबाई. मूळची यावलकडची, आता इथल्या डाळमिलमध्ये कामाला. तिच्याकडे पाहून प्रमिलाने हात जोडले.

"लताबाई, माझं चुकलं. बस येत नाही इथवर."

"आली नाही तं नाही," लताबाई म्हणाली. "भरीत तं झालंय ना. बसा आधी."

मारुतीच्या पारावर पंक्ती बसल्या. पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळक्या काड्यांच्या) जाळावर भाजलेली हिरवी वांगी, लाकडी बडजीत (खोलगट पात्रात) ठेचलेली, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे. सोबत कळण्याच्या पुऱ्या. साताऱ्यात आम्ही ज्याला भरीत म्हणतो, ते यापुढे नाव बदलून घ्यावं हे बरं. पारसभाऊ कांदा खात नसत. त्यांच्यासाठी लताबाईने बिनकांद्याचं वेगळं काढून ठेवलं होतं. ते येणार हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. "कोणी ना कोणी तसं असतंच," एवढंच म्हणाली.

जेवता जेवता तीच बोलू लागली, कोणाकडे न बघता, वाढता वाढता.

"तुमचा कागद मले वाचून दाखवला पोरीनं. घरपट्टीत पैसे वाढणार. द्यायले आमची ना नाही. पण ताई, पैसे रुयाच्या (रुळांच्या) दोन्ही अंगानं घेसान, अन् बस एकाच अंगाले फिरन. मंग आम्ही कायच्याले द्यावं? डायमिलची (डाळमिलची) पाळी सुटली की आम्ही बाया ह्याच बोगद्यातून एकमेकीचा हात धरून येतो. पावसाळ्यात तं साडी कमरेले खोसून."

प्रमिलाचा चेहरा मी पाहत होते. तिच्याजवळ सगळ्या आक्षेपांची उत्तरं तयार असत. या वेळी मात्र तिने पिशवीतून प्रस्ताव काढला, पेनाने एक परिच्छेद आडवा खोडला आणि कागद पारावर ठेवला.

"घरपट्टी राहू दे. बस बोगद्यापलीकडे पोचेपर्यंत घराघरातून काही मागायचं नाही. आता तुम्ही सांगा, कुठून आणायचं."

मग पारसभाऊंनी भिजलेलं धोतर पिळत म्हटलं, "आमच्या बाजारात ज्या गाड्या दिवसभर उभ्या असतात ना, त्या गिऱ्हाइकांच्या नाहीत. आमच्याच आहेत, आम्हा दुकानदारांच्या. त्यामुळे गिऱ्हाइकाला थांबायला जागा नाही. तिथे गाडी उभी करायचं भाडं लावा. दुकानावर कर नको, गाडीवर लावा. तो पैसा बसला द्या. मी संघटनेत बोलतो."

"तुम्हीच पहिली गाडी काढाल?" प्रमिलाने विचारलं.

"मी पहिलं भाडं भरेन. गाडी काढणार नाही," पारसभाऊ म्हणाले, आणि पारावर हशा पिकला.

"मोठी बस नको," लताबाई म्हणाली. "लहानी आना. बोगद्यातून निघन अशी."

सगळे भिकनभाऊंकडे पाहू लागले. ते हात धुऊन आले होते आणि लांब उभे होते. "मना विरोध शे तो शेच," ते म्हणाले. "सही करनार नही. पन लहान्या बशी येतीन त्यास्नले डायवर कोठून आनशात? पहिले आमना मानसेस्ले इचारा. हाई कागदवर लिखा, मंग मी संघटनामा आडवा येनार नही."

प्रमिलाने ते लिहिलं. भिकनभाऊंनी दोनदा वाचून घेतलं, सही केली नाही, आणि जाताना पारसभाऊंना आपल्या ओळखीच्या रिक्षातून बोगद्याअलीकडे सोडलं. भाडं घेतलं, असं पारसभाऊंनी नंतर हसत सांगितलं.

सह्या सगळ्यांच्या झाल्या नाहीत. एका वसाहतीचे लोक घरपट्टीचा परिच्छेद खोडला म्हणून रागावून निघून गेले. त्यांचं म्हणणं, फक्त गाड्यांच्या भाड्यावर बस किती दिवस चालणार? आणि ते काही खोटं नव्हतं. प्रमिलालाही ते कळत होतं. "वर्षभर तर चालेल," ती म्हणाली. "बस दिसली की माणसं द्यायला तयार होतात. न दिसणाऱ्या बसला कोण देणार?"

दोन दिवसांनी मी परत निघाले. स्टँडवर तिने केळीच्या वेफर्सची पिशवी, बिबडे (ज्वारीचे पापड) आणि एक हिरवं वांगं माझ्या हातात कोंबलं. वांगं साताऱ्यापर्यंत टिकणार नाही असं मी म्हटलं, तर म्हणाली, "मग नाशिकच्या मुक्कामात भाज." गिरणेचा पूल ओलांडताना मी विचार करत होते. पैसा कोणी द्यावा या भांडणात मला इतकी वर्षं कंजूसपणाच दिसत असे. त्या पारावर मात्र द्यायला नाही म्हणणारं कोणी फारसं नव्हतं. प्रत्येकाला एवढंच हवं होतं की आपण दिलेलं आपल्या दारापर्यंत यावं, किंवा निदान आपल्या पोटावरून जाऊ नये. हे ऐकून घ्यायला वेळ लागतो, आणि बहुधा सोबत जेवावंही लागतं. आमच्या साताऱ्यात असा वाद निघाला तर मी आता गप्प बसणार नाही, पण आधी कोणाकडे तरी पंगत घालायला सांगेन.

उन्हाळ्याच्या तोंडाला प्रमिलाचा फोन आला. व्यापाऱ्यांच्या संघटनेने, बाकीचं ठरेपर्यंत, स्वतःच वर्गणी काढून एक छोटी बस चालवून पाहायची ठरवली होती. स्टेशन ते रुळांपलीकडची वसाहत. ड्रायव्हर भिकनभाऊंचा भाचा. आवाजावरून मला वाटलं, काहीतरी बिनसलं.

"काय झालं गं?"

"अगं, आज सकाळी गेले स्टेशनवर," ती म्हणाली. "बस आली. पण लताबाई आणि तिच्या सगळ्या बाया आधीच चढलेल्या, कॉलेजच्या मुली दारात. मला जागाच मिळाली नाही. पुढच्या फेरीला या म्हणाले."

आणि इतका वेळ दाबून धरलेलं हसू तिला आवरेना.