अण्णांची सकाळची गोळी

गोळी देताना अक्का कोणाशी बोलत नसत. मध्येच कोणी हाक मारली, अगदी डॉक्टरांनी मारली, तरी डावा हात वर करून थांबवत. आधी पेशंटचं नाव त्याच्याच तोंडून ऐकत, मग मनगट धरून घड्याळाकडे बघत नाडी मोजत, मग ब्लडप्रेशर. नाडी फार मंद लागली तर गोळी परत ट्रेमध्ये ठेवून डॉक्टरांना फोन. "कागदावर लिहिलंय म्हणून द्यायची नाही गं. आधी माणसाकडे बघ," असं त्या आम्हा नव्या नर्सना सांगत.

बेंगळुरूतल्या हेब्बाळच्या एका हॉस्पिटलात, हृदयविकाराच्या वॉर्डात त्या सीनियर सिस्टर होत्या. मी नागपूरहून नुकती आलेली. कन्नडचा गंध नव्हता. अक्कांचं घराणं कित्येक पिढ्या इथे मुरलेलं, त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड. तरी या शहरात मला आईच्या भाषेत रागावणारं तेवढं एकच माणूस होतं.

"स्वल्प थांबा! आधी पाय खाली सोडून बसा, मग उठा," हे त्यांचं दिवसभर चाले. ब्लडप्रेशरच्या गोळीनंतर झटकन उठून पडलेली माणसं त्यांनी पाहिली होती.

एकदा एका रिक्षावाल्याने लघवी होण्याची गोळी घ्यायला साफ नकार दिला. त्याचा मुलगा हळूच म्हणाला, "सिस्टर, दहीभातात घालून देऊ या." अक्का त्याच्यावर एवढ्या चिडल्या, की शेजारचे पेशंट उठून बसले. मग स्टूल ओढून त्या रिक्षावाल्याजवळ बसल्या. गोळी घेतली की सारखं जावं लागतं, ट्रॅफिकमध्ये रिक्षा कुठे सोडू, एवढंच त्याचं म्हणणं होतं. अक्कांनी डॉक्टरांशी बोलून गोळीची वेळ बदलून घेतली. "सरी," बरं, म्हणत त्याने लगेच पाण्याचा ग्लास मागितला.

घरी मात्र त्यांचं काही चालत नसे. रिटायर झालेले त्यांचे यजमान, आमचे अण्णा, ब्लडप्रेशरची गोळी घेत नसत. सुरुवातीला त्यांना खरंच चक्कर यायची. अक्कांनी आडवं असताना, उभं असताना ब्लडप्रेशर मोजलं, डॉक्टरांकडे नेलं, गोळी बदलून आणली. चक्कर थांबली. मग अण्णा म्हणाले, "आता बरं वाटतंय, मग गोळी कशाला?"

जे. पी. नगरच्या त्यांच्या घरी एका रविवारी मी जेवायला गेले, तेव्हा हाच वाद चालला होता. "तू सिस्टर हॉस्पिटलात," अण्णा हसत म्हणाले. "इथं मी पेशंट नाही."

मी अक्कांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. "अक्का, ताकात घालून द्या ना."

त्यांनी नळ बंद केला. "त्या रिक्षावाल्याच्या पोराला मी काय म्हटलं होतं? आणि ही गोळी कुटायची नसते. दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं." "खरं सांगू? ताक घुसळताना रोज मनात येतं."

ब्लडप्रेशर तेवढं अण्णा मोजू देत. म्हणजे रोज सकाळी वाढलेला आकडा बघायचा, कॉफीच्या कपाशेजारी गोळी ठेवायची आणि दुसऱ्यांची ब्लडप्रेशरं सांभाळायला हेब्बाळला यायचं. संध्याकाळी गोळी तिथेच असायची.

एके दिवशी अक्का वॉर्डात सकाळच्या गोळ्या देत असतानाच शेजाऱ्यांचा फोन आला. अण्णा बाथरूमजवळ पडले होते. मेंदूत रक्तस्राव झाला होता. जीव वाचला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. अक्कांनी नोकरी सोडली.

नोकरी बदलून पुण्याला जाण्याआधी मी निरोप घ्यायला गेले. अण्णांना उशांना टेकवून बसवलं होतं. गिळणं जड जात होतं, म्हणून डॉक्टरांनी आता कुटता येतील अशा गोळ्या दिल्या होत्या. अक्कांनी गोळी कुटून घट्ट दह्यात कालवली. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून मी म्हटलं, "अण्णा आता वेळेवर घेतात."

"अहो, देऊ का?" अक्कांनी अण्णांना विचारलं आणि चमचा धरून थांबल्या.

अण्णांनी तोंड उघडलं. नजर खिडकीकडे होती.

"काहीही पुढे धरलं की असंच उघडतात," अक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "हे हो म्हणतात की नाही, मला कसं कळायचं गं?"

अण्णांचं तोंड उघडंच होतं. शेवटी अक्कांनी चमचा आत घातला.