बॉनेटवरची कोयरी

चुलतभावाच्या लग्नाला गाडी द्यायची की नाही, यावर आमच्याकडे चार दिवस धुसफूस चालली होती. गाडी आठ महिन्यांची, गडद निळी, नवऱ्याने स्वतः रंग निवडून घेतलेली. रविवारी सकाळी तो तिला पुसायचा तेव्हा मी चहा घेऊन गेले तरी वर बघायचा नाही. त्याला बँकेच्या ट्रेनिंगसाठी बडोद्याला जायचं होतं, लग्नाला येता येणार नव्हतं. तेव्हा निदान गाडी तरी येऊ दे, असं मी धरून बसले. माझ्या माहेरी गाडी असलेलं कुणी नाही. नवरदेव भाड्याच्या गाडीतून नंदुरबारला जाणार आणि मी इथे निळ्या गाडीवर कव्हर घालून बसणार, हे मला जमणारं नव्हतं.

शेवटी तो हो म्हणाला. "चालवायची तू. आणि कुठेही टेप लावायचा नाही. त्याचा चिकटा रंगावर बसतो." जरा थांबून म्हणाला, "तुमच्याकडे वस्तू वापरतात, सांभाळत नाहीत कुणी."

हे तो अगदी शांतपणे बोलला. रागावून बोलला असता तर मला दोन शब्द ऐकवता आले असते. मी फक्त फोन लावला आणि आईला तीनतीनदा बजावलं, टेप लावायचा नाही.

आईने शब्द पाळला. तो कसा पाळला, तेच सांगायचं आहे.

माझं माहेर याच शहरात, बमरोलीच्या गिरणी वस्तीत. वडील मिलमध्ये होते, आणि आई आजही घरी साड्यांवर खडे चिकटवायचं काम करते. मीही शाळेतून आले की दप्तर टाकून साडीच्या एका टोकाला बसायचे. बाटलीच्या बारीक तोंडातून गमचा थेंब सोडायचा, त्यावर खडा ठेवायचा, अंगठ्याने दाबायचा. वाळल्यावर साडी धुतली, पिळली, झटकली तरी खडा हलायला नको. हललाच तर आख्खी साडी परत येते. आईच्या हातची साडी माझ्या आठवणीत कधी परत आलेली नाही.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मी गाडी बमरोलीत नेऊन लावली. सकाळी उठून बाहेर आले तर गल्ली गाडीभोवती जमली होती. दोन्ही बाजूंच्या दारांवरून सोनेरी लेस गेली होती, मागे कापडी गुलाबांची रांग होती आणि बॉनेटवर लाल-पांढऱ्या खड्यांची मोठी कोयरी, आत नवरा-नवरीची अक्षरं. आई आणि काकू पहाटेपासून लागल्या होत्या.

"टेप नही लाया," आई आमच्या अहिराणीत म्हणाली. "तू सांगेल व्हतं ना? आपलाच गम लाया. नंदुरबार लगून एक खडा बी पडाव नही."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. त्या गमवर माझं लहानपण गेलंय. पण खरं सांगायचं तर मी आनंदाने वेडी झाले होते. इतकी देखणी गाडी आमच्या गल्लीत कधी उभी राहिली नव्हती. आईचा चेहरा तर असा फुलला होता की माझ्या डोक्यात गाडीच्या रंगाचा विचारही आला नाही. व्यारा, सोनगड, नवापूर करत मी दीडशे किलोमीटर चालवत नेली, डोळ्यांसमोर ती कोयरी चमकत होती, आणि खरंच एक खडा हलला नाही. मग गाडी दिवसभर नंदुरबारच्या मे महिन्यातल्या उन्हात मंडपाबाहेर उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, अकरा वाजता मी गाडी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणली. आई बरोबर होती. लग्नाचे लाडू आणि जावयाचा आहेर तिला स्वतःच्या हाताने द्यायचा होता. नवरा ट्रेनने चारला घरी पोचणार होता.

मी लेसचं एक टोक धरून ओढलं. लेस आली, गम आला नाही. दारावर पारदर्शक, कडक थेंबांची सरळ रांग राहिली. गुलाब काढले, मागेही तेच. कोयरीचा एक खडा नखाने उचकटला तर खड्याचा वरचा भाग तुटून हातात आला आणि बूड तिथेच. मी आईकडे बघितलं.

"निंघी जाई," आई म्हणाली. "घाबरू नको."

शॅम्पू घातलेलं गरम पाणी आणलं. फडकं भिजवून थेंबांवर ठेवलं, दहा मिनिटं धरलं. कडा जराशा पांढुरक्या झाल्या, बाकी ढिम्म. वायर जोडून केस वाळवायचा ड्रायर खाली आणला. ऊब लागली की गम मऊ पडायचा आणि थांबवलं की पुन्हा घट्ट व्हायचा. जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडायला घेतलं, पण जोर लावायची हिंमत होईना. एक ओरखडा पडला असता तर संपलंच होतं. मला गाडीचं काही वाटत नव्हतं. मला चार वाजता नवऱ्याचा चेहरा दिसत होता, तो काहीच न बोलता आईकडे बघणार, आणि आईला ते कळणार. एवढं एक होऊ नये म्हणून मी जीव तोडून घासत होते.

दुसऱ्या मजल्यावरच्या बाई भाजी घेऊन जाताना थांबल्या. "शुं थयुं, बेन?" मी म्हटलं, काही नाही, धुतेय. त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

साडेबारा वाजले तेव्हा एक दार कसंबसं साफ झालं होतं. मी आणखी गरम पाणी आणायला वर गेले. पातेलं घेऊन खाली आले तर पार्किंगभर थिनरचा वास भरला होता.

साडीवर खडा चुकीच्या जागी बसला तर पुसायला आई थिनर वापरते. ती बाटली आणि कापूस तिच्या पिशवीत कायम असतात, दुसऱ्या बायकांच्या पर्समध्ये रुमाल असतो तसे. तिने बॉनेटवर कोयरीच्या देठापासून पुसायला सुरुवात केली होती.

"दख, साडीवरथीन निंघस, आठे बी निंघी ऱ्हायनं," ती हसत म्हणाली.

निघत होतं, हे खरंच. गम विरघळून कापसावर येत होता. पण त्याखालचा निळा रंग तळहाताएवढ्या जागेत मेला होता. आजूबाजूला छताच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसत होतं, तिथे काहीच दिसत नव्हतं, नुसता धुरकट डाग.

मी तिच्या हातातली बाटली हिसकावली. थिनर तिच्या साडीवर सांडलं.

"अक्कल आहे का तुला? तुम्हा लोकांना दुसऱ्याची वस्तू सांभाळताच येत नाही. आयुष्यात कधी काही सांभाळलंय का तुम्ही?"

आईशी मी या मराठीत कधी बोलत नाही. आमच्या घरात अहिराणी बोलतात, भांडणसुद्धा अहिराणीत होतं, आणि त्या भांडणात कितीही शिव्या असल्या तरी संध्याकाळी एका ताटात जेवता येतं. हे वाक्य मी शाळेत शिकवताना वापरते त्या स्वच्छ भाषेत बोलले. वाक्य नवऱ्याचं होतं. त्याने तर ते माझ्या आईच्या तोंडावर कधी म्हटलंही नव्हतं.

आईने बाटलीचं बूच शोधलं आणि घट्ट लावलं.

"जवाई कितला वाजता येतीन?" तिने विचारलं.

"चारला."

"मंग तेल आन. खोबरानं."

त्यानंतर तीन तास तेलाचंच काम चाललं. मी ड्रायर धरायचा, तिने थेंबावर तेलाचं बोट फिरवायचं, मऊ पडेपर्यंत थांबायचं आणि अंगठ्याच्या नखाने एका कडेने तो अख्खा उचलायचा. इतकी वर्षं खडे दाबून तिचा अंगठा चपटा झालाय आणि नख जाड, बोथट. रंगावर एकही ओरखडा उठला नाही. मी चूक कबूल करायला तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा "आठे एक ऱ्हायना" असंच काहीतरी म्हणाले. मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की ड्रायरच्या आवाजाचा आधार वाटला.

साडेतीनला शेवटचा थेंब निघाला. तिने गाडी ओल्या फडक्याने पुसली, मग कोरड्याने. डाग सोडला तर गाडी शोरूममधून आल्यासारखी दिसत होती.

"मी जास आते," ती म्हणाली.

"आहेर देवाना शे ना तुले? थांब. येतीन आते."

"तूच दी दे." तिने लाडवांचा डबा आणि आहेराची पिशवी माझ्या हातात दिली. "जवाईले सांगू नको, मी करं म्हनीसन."

फाटकापर्यंत मी गेले. ती मागे न बघता रिक्षात बसली. तिच्या साडीवर थिनरचा डाग होता आणि तिथला एक खडा गळला होता.

नवरा आला. मी दारातच सांगून टाकलं, बॉनेटवर डाग पडलाय, माझ्या हातून पडलाय, थिनर मी लावलं. तो खाली गेला, मी मागोमाग गेले. त्याने डागावरून बोट फिरवलं, वाकून तिरकं बघितलं.

"वरचा थर गेलाय. पॉलिश करून घेऊ," तो म्हणाला. "गाडी आहे, व्हायचंच. लग्न कसं झालं? लाडू कुठे ठेवलेत?"

मला त्याचा जो राग आला तो आजवर कधी आला नसेल. ज्याच्या एका नजरेला घाबरून मी आईला नको ते बोलले, त्याला लाडू कुठे ठेवलेत याची पडली होती. पण त्याच्यावर ओरडायला माझ्याकडे कारण उरलं नव्हतं. जे बोललं गेलं ते मीच बोलले होते.

पुढच्या आठवड्यात पॉलिशवाल्याने डाग काढला. आता कुणी दाखवूनही दिसायचा नाही.

आईशी बोलणं पहिल्यासारखंच आहे. फोन होतात, सणाला ती येते, माझ्याशी अहिराणीत हसते, भांडते. एकदा मी सगळं बळ एकवटून त्या दिवसाचा विषय काढला तर म्हणाली, "कोनता दिन?" आणि भाजीचा भाव सांगायला लागली. मोतीबिंदू तपासायला तिला घेऊन जायचं होतं तेव्हा नवऱ्याने आपणहून गाडी काढली, मागचं दार उघडून उभा राहिला. आई म्हणाली, गाडीत मळमळतं, रिक्षा बरी. दिवाळीला म्हणाली, पाय मोकळे करते. परवा म्हणाली, वाटेत भाजी घ्यायची आहे. नंदुरबारहून येताना माझ्या शेजारी दीडशे किलोमीटर बसून ती गाणी म्हणत आली होती, तेव्हा तिला मळमळलं नव्हतं. आता पार्किंगमधून जाताना ती पदर आवरून अंगाशी घट्ट धरते, गाडीला लागू नये म्हणून.